मदत हवी आहे: ट्रॉलरच्या पंख्यावर अ‍ॅल्युमिनियम ब्राँझचा भराव

मंडळी, रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या एका ट्रॉलरचा (मासेमारी बोटीचा) पंखा, म्हणजे प्रोपेलर, दुरुस्तीला आलाय. एका पात्याची कड खडकाला लागून तुटलीय. टिगवर (टंगस्टन इलेक्ट्रोडचं आर्क वेल्डिंग) ईआरसीयूएएल-ए२ या अ‍ॅल्युमिनियम ब्राँझच्या रॉडने, शुद्ध आर्गॉनमध्ये भराव घालायचा विचार आहे. डीसी करंटवर वितळलेल्या धातूवर ऑक्साइडची साय धरते, रॉड नीट मिसळत नाही. एसीवर ती फुटते, तो प्रश्न सुटला.

खरी शंका वेगळीच. ग्राइंडर मारला की धातू पिवळाधमक, आणि आर्क लावताच पांढरा धूर, कडेला पांढरी भुकटी. म्हणजे जस्त आहे, बहुधा मँगनीज ब्राँझ (नावाला ब्राँझ, खरं तर जस्त असलेलं पितळ). त्यावर हाच रॉड चालवता का? प्रीहीट, म्हणजे वेल्डिंगआधी तापवणं, किती? नंतर स्ट्रेस रिलीव्ह (आतला ताण घालवायला पुन्हा तापवणं) करता का? मालक म्हणतो, ‘नुसतं चिकटवून दे’. पण खाऱ्या पाण्यात तडा गेला तर शिव्या मलाच. पंखे भरणाऱ्यांनी सांगा.