यांत्रिकी शाखा निवडावी का?

पालक, हिंगणा: मुलाला यांत्रिकी अभियांत्रिकीला प्रवेश मिळतो आहे, परंतु विजेवरच्या गाड्या आल्यावर या शाखेला भविष्य उरेल का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

निवृत्त अभियंता, कोराडी: प्रवेश अवश्य घ्यावा. इंजिन गेले, तरी बॅटरी थंड ठेवायला उष्णतेचेच शास्त्र लागते, आणि कोराडीच्या औष्णिक वीजकेंद्रातील ६६० मेगावॅटच्या संचांतील बॉयलर व टर्बाइन यांची देखभाल हा यांत्रिकीचाच प्रांत आहे. मला खरी काळजी शिक्षणाची वाटते: लेथवर, म्हणजे धातू फिरवत कापून आकार देणाऱ्या यंत्रावर, हात न बसलेला विद्यार्थी संगणकावर सुबक आराखडा काढतो, पण तो भाग प्रत्यक्ष घडवता येईल का, हे त्याला सांगता येत नाही.

प्राध्यापिका, नागपूर: सहमत आहे, मात्र मुलाने पायथन ही संगणकाची भाषा आणि नियंत्रणप्रणालीही शिकावी, व सुट्टीत बुटीबोरीच्या एखाद्या कारखान्यात प्रशिक्षण घ्यावे.

पालक, हिंगणा: मनःपूर्वक आभार. असे प्रशिक्षण दुसऱ्या वर्षापासून घेता येईल का?

प्राध्यापिका, नागपूर: होय, महाविद्यालयाचे शिफारसपत्र सोबत न्यावे.