सीए नाही, फ्रेशरही नाही. अकाउंट्सवाल्यांनी चाळिशीनंतर नोकरी शोधायची कशी?

मंडळी, सल्ला हवा आहे. जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

मी एम.कॉम., वय ४४, चिंचवडला राहते. भोसरी एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीचे अकाउंट्स बघत होते. व्हॅट-एक्साइजच्या, म्हणजे जीएसटीआधीच्या करांच्या काळात लागले. सी फॉर्मसाठी (परराज्यातल्या विक्रीला कमी कर लागावा म्हणून गिऱ्हाइकाने द्यायचा कागद) गिऱ्हाइकांच्या मागे लागण्यापासून २०१७ च्या जुलैत जीएसटी आल्यावर जुन्या करांचं क्रेडिट ट्रान-१ या फॉर्ममध्ये बसवण्यापर्यंत सगळं केलंय. पुढे मालकांनी कंपनी एका मोठ्या ग्रुपला विकली, हिशेब चेन्नईहून व्हायला लागले आणि आमची गरज संपली. हिशोब चोख मिळाला, त्याबद्दल तक्रार नाही.

त्रास पुढे सुरू झाला. 'अकाउंट्स मॅनेजर'च्या जाहिरातीत सीए, निदान सीए इंटर तरी हवं असतं. पोर्टलवर तो रकाना रिकामा ठेवला की फोनच येत नाही. 'सिनियर अकाउंटंट'ला तीन ते पाच वर्षं अनुभव पुरतो, तिथे माझा बायोडेटा बघून म्हणतात, "मॅडम, तुम्ही टिकणार नाही." कमी पगार चालेल म्हटलं की संशय आणखी वाढतो. उरला नुसता 'अकाउंटंट': जीएसटी, टीडीएस, पीएफ-ईएसआयसी, ई-वे बिल, पेटी कॅश, शिवाय 'बँकेच्या कामांसाठी स्वतःची दुचाकी आवश्यक'. आणि पगार विचारला की "तुमची अपेक्षा सांगा."

एक इंटरव्ह्यू मात्र डोक्यातून जात नाही. चाकणजवळची कंपनी. आधी एचआरच्या मुलीने "टॅलीत स्पीड किती?" विचारलं. मग मालकांनी लॅपटॉप पुढे करून खरेदी रजिस्टर जीएसटी पोर्टलवरच्या २बीशी (सप्लायर्सनी दाखवलेल्या बिलांची यादी) जुळवायला सांगितलं. तो त्यांचा खरा डेटा होता. काम करता करता क्रेडिटर्सची (ज्यांचे पैसे द्यायचे त्यांची) यादी दिसली, आणि त्यात वर्कशॉपवाल्या छोट्या सप्लायर्सची बिलं ३१ मार्चला ४५ दिवसांच्या मुदतीच्या वर थकलेली. म्हटलं, "साहेब, यातले मायक्रो-स्मॉल म्हणून नोंदलेले किती आहेत ते बघा. आयकराच्या ४३बी(एच) कलमाप्रमाणे हा खर्च त्या वर्षी धरता येणार नाही, पैसे द्याल त्या वर्षी मिळेल." त्यांनी डायरी काढली, "करार नसेल तर?" विचारलं, मी मुदत १५ दिवसांची सांगितली, तेही लिहून घेतलं. चहा दिला. "कळवतो" म्हणाले. अजून कळवतायत! फुकट कन्सल्टिंग झालं म्हणायचं. (प्लेसमेंटवाले 'रजिस्ट्रेशन फी' मागतात तो वेगळा वैताग, त्यांना मी दारातूनच परत पाठवते.)

आता नेमकं काय विचारायचंय ते.

सॅप फिकोचा (मोठ्या कंपन्यांत वापरतात त्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा) कोर्स करावा का? क्लासवाले 'शंभर टक्के प्लेसमेंट' सांगतात, पण माझा सगळा अनुभव टॅलीवरचा. प्रत्यक्ष कंपनीत सॅप न वापरता नुसत्या सर्टिफिकेटवर या वयात कुणाला घेतलेलं बघितलंय का? ऐकीव नको, ओळखीतलं उदाहरण सांगा.

की नोकरीचा नाद सोडून जीएसटी प्रॅक्टिशनर व्हावं, म्हणजे लोकांची जीएसटीची रिटर्न भरून द्यावीत? कॉमर्सच्या डिग्रीवर नोंदणी होते, ते जमेल. पण टॅक्स ऑडिटला सही सीएचीच लागते, म्हणजे जरा मोठं गिऱ्हाईक शेवटी सीएकडेच जाणार. आमच्या सोसायटीखालचा हार्डवेअरवाला म्हणतो, "ताई, महिन्याला पाचशे देतो." ११ ला आर-१ (विक्रीचं रिटर्न), २० ला ३बी (कर भरायचं रिटर्न), आणि विसरलेली खरेदीची बिलं २१ ला व्हॉट्सअ‍ॅपवर. या दरात घर चालवायला किती हार्डवेअरवाले लागतील, ते या धंद्यात असलेल्यांनी सांगावं. दर वाढवून कसे घेता?

तिसरं, एका मैत्रिणीचं म्हणणं की बायोडेटातली पहिली दहा वर्षं उडव, वय दिसत नाही. मला ते पटत नाही. पीएफच्या रेकॉर्डला सगळं दिसतंच ना? भरती करणाऱ्या कुणी इथे असेल तर स्पष्ट सांगा: जुनी वर्षं बघून तुम्ही खरंच बाजूला टाकता का?

'लिंक्डइनवर अ‍ॅक्टिव्ह राहा' हे कृपया नको, राहिलेय. पिंपरी-चाकण पट्ट्यात आठवड्यातून दोन-तीन दिवस येऊन हिशेब बघणारं माणूस कुणाला हवं असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा. दुचाकी आहे.