‘व्हॅम्पायर हंटर डी: ब्लडलस्ट’ – नायकच पाहुणा झालाय का?

रात्रपाळी
(शेवट फोडलाय. पाहिला नसेल तर पुढे वाचू नका.)

हिदेयुकी किकुची यांच्या कादंबरीमालेतल्या तिसऱ्या भागावर योशिआकी कावाजिरींनी २००० साली केलेला हा जपानी ॲनिमेशनपट. चित्रं अफाट आहेत, त्याबद्दल वाद नाही. व्हॅम्पायर मायर लिंकची बग्गी गावातून जाते तेव्हा क्रूस वाकतात, फुलं कोमेजतात. संवाद एक नाही, तरी कोण आलंय ते कळतं.

पण पुढे काय? शार्लट नावाच्या मुलीला लिंककडून सोडवून आणायची सुपारी तिचा बाप व्हॅम्पायर मारणाऱ्या डीला देतो. मग कळतं की ती आपखुशीने गेलीय आणि लिंकने तिला अजून दातही लावलेला नाही. तिथून सिनेमा त्या दोघांचा होतो. डी नुसता मागोमाग घोडा दामटतो. त्यात शेवटच्या टप्प्यात कार्मिला ही आणखी एक व्हॅम्पायर येते. १८७२ सालच्या शेरिडन ल फानूच्या कथेतलं हे नाव, इथे फक्त शेवटी मारामारीला कोणीतरी हवं म्हणून. ज्याच्या नावावर सिनेमा, त्याच्याबद्दल मला काडीचंही कळलं नाही.

खवचट_खान
डी गप्प असतो म्हणून तो कळत नाही, हे पटत नाही. घोडेवाल्याचा प्रसंग आठवा. शेरीफ बंदुका रोखून उभा, डीला घोडा विकायचा नाही म्हणतो. म्हातारा घोडेवाला त्यालाच झापतो, कारण लहानपणी ज्याने आपल्याला वाचवलं तो हाच, हे त्याला आठवतं. म्हातारा वाकलाय, डीच्या चेहऱ्यावर सुरकुती नाही. बाप व्हॅम्पायर आणि आई माणूस असण्याची किंमत यापेक्षा वेगळी कशी सांगणार? डीने बसून आत्मचरित्र सांगायचं का?

रात्रपाळी
प्रसंग चांगलाच आहे. पण तो किती वेळाचा? त्याच्याहून जास्त वेळ त्याच सुपारीमागे लागलेल्या मार्कस भावंडांच्या हत्यारांना दिलाय.

पोरकी_पाल
मार्कसांवर का घसरताय! अंथरुणाला खिळलेला ग्रोव्ह इंजेक्शन घेऊन आत्म्याच्या रूपात लढतो, आणि प्रत्येक वेळी त्याचंच आयुष्य कमी होतं. घरच्यांना हे माहीत असूनही ते सुई टोचतात. मला लिंकपेक्षा भीती या घराची वाटली.

तळटीप
इंग्रजी डबिंगमध्ये पाहिलंत का? मग नाही कळणार. जपानीत बघा, सबटायटल लावून.

खवचट_खान
तळटीप, या एका सिनेमाबाबत हा सल्ला उलटा पडतो. इथे इंग्रजी आवाज आधी झाले, जपानी नंतर. ‘मूळ’ कुठलं यावर वेगळा धागा काढा, इथे नको.

सांजवेळ
कार्मिलाबद्दल मी रात्रपाळींच्या बाजूने. तिच्या वाड्यात डीला आईचा भास होतो, तेवढंच काय ते कामाचं. बाकी रक्ताचे पाट. आणि शार्लटला तिच्याकडून मारून टाकल्यामुळे खरा पेच सुटतो, म्हणजे टळतो. लिंक आणि शार्लट दोघंही जिवंत असती तर डीने काय केलं असतं? पैसे घेतलेत, मुलगी यायला तयार नाही. हा प्रश्न दिग्दर्शकाने सोडवलाच नाही, मुलगीच काढून टाकली.

खवचट_खान
मुद्दा वजनदार आहे. तरीही उत्तर अर्धं दिलंय असं मी म्हणेन. डी लिंकला हरवतो, पण मारत नाही. बापाला पुरावा म्हणून शार्लटची अंगठी तेवढी घेतो आणि लिंकला तिचं प्रेत घेऊन अवकाशयानातून जाऊ देतो. आणि ‘पोच, सुखरूप पोच’ या अर्थाचं त्या यानाला कोण म्हणतं? मार्कसांमधली लेला. व्हॅम्पायरांचा द्वेष हेच जिचं आयुष्य होतं, ती.

रात्रपाळी
बघा, पुन्हा लेलाच! बदलते ती, झुरतो लिंक, मरते शार्लट. माझं म्हणणं तुम्हीच सिद्ध करताय.

खवचट_खान
म्हणूनच तर. हजारो वर्षं जगणारा माणूस पावणेदोन तासात काय बदलणार? बदलणाऱ्या माणसांच्या शेजारी तो उभा केला की दिसतो. एकटा दाखवला असता तर टोपीवाला देखणा पुतळा उरला असता.

पोरकी_पाल
पुतळाच आहे तो. सगळी बडबड त्याचा तोंड असलेला डावा हात करतो. माझं मत त्या हाताला.