मदत हवी आहे: पूर्वचाचणी-उत्तरचाचणीतली वाढ कशी मोजावी?

नमस्कार मंडळी. प्रथम वर्षाला यांत्रिकी शिकवतो. हेस्टेनिस आणि सहकाऱ्यांची 1992 ची ‘फोर्स कन्सेप्ट इन्व्हेंटरी’ (बलाच्या संकल्पना तपासणारी बहुपर्यायी चाचणी) सत्राच्या सुरुवातीला आणि शेवटी घेतली. सरळ वर फेकलेल्या गोळ्यावर हात सुटल्यानंतर कोणती बलं असतात, या प्रश्नाला गणितं धडाधड सोडवणारी मुलंही ‘वरच्या दिशेचं, हळूहळू कमी होणारं बल’ हाच चुकीचा पर्याय निवडतात. सत्र संपल्यावरसुद्धा!

आता अडलंय ते आकडेमोडीत. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक हेक यांनी 1998 च्या शोधनिबंधात वर्गाच्या सरासरीवरून नॉर्मलाइज्ड गेन काढला होता: झालेली वाढ भागिले शक्य असलेली वाढ (पूर्ण गुण वजा पूर्वचाचणीचे गुण). पारंपरिक वर्गांत तो सरासरी 0.23 आला, विद्यार्थ्यांना सक्रिय ठेवणाऱ्या वर्गांत 0.48. मी प्रत्येक विद्यार्थ्याचा गेन काढून सरासरी घेतली, तर उत्तर वेगळंच येतंय. आधीच भरपूर गुण असलेल्या एखाद्याचे दोन गुण घसरले की त्याचा गेन भलताच उणे होतो.

अशांना वगळावं का? मला तरी ते पटत नाही. शिवाय उत्तरचाचणीला न आलेल्यांचं काय करायचं? कुणी असा डेटा हाताळला असेल तर कृपया सांगा. एक्सेलपुरतं येतं, आर (R, संख्याशास्त्रासाठीची संगणकभाषा) शिकायची तयारी आहे.