पास होणे आणि सुंदर दिसणे

पारलिंगी स्त्रीने (जन्मावेळी मुलगा मानल्या गेलेल्या स्त्रीने) ‘पास’ होण्याचा हट्ट सोडला की आत्मस्वीकार आपोआप येतो, असे एक मत मांडले जाते; ते मला अर्धेच पटते. अनोळखी माणसाने काहीही शंका न घेता आपल्याला स्त्री समजावे, ही ‘पास’ होण्याची अपेक्षा पुष्कळदा हौस नसून सुरक्षिततेची गरज असते. रात्री एकटीने प्रवास करणारीला केवळ आत्मस्वीकाराचा उपदेश पुरत नाही.

गोंधळ होतो तो पास होणे आणि सुंदर दिसणे यांची सरमिसळ झाल्यावर. इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाच्या उपचारामुळे त्वचा मऊ होते, चरबीची ठेवण बदलते, स्तनांची वाढ होते. मात्र वयात येताना फुटलेला आवाज त्याने पुन्हा बारीक होत नाही आणि खांद्यांची रुंदीही कमी होत नाही. आवाजासाठी सरावच करावा लागतो, आणि त्यात नुसती पट्टी चढवण्याइतकाच स्वराचा घुमारा बदलणेही महत्त्वाचे असते (हे अनेकींना फार उशिरा उमगते). या मर्यादा माहीत नसल्या की शरीराचा स्वभाव हा स्वतःचा दोष वाटू लागतो.

खरे तर रुंद खांद्यांच्या, ठसठशीत जबड्याच्या स्त्रिया पारलिंगी नसलेल्यांतही असतातच, आणि त्यांच्यापैकी काहींना पारलिंगी समजून स्वच्छतागृहात हटकल्याच्या घटनाही घडल्या आहेत. म्हणजे मोजपट्टीच इतकी अरुंद आहे. तरीही चेहऱ्याची शस्त्रक्रिया करून घेणारीला कोणी कमकुवत मनाची ठरवू नये. तिने तो निर्णय कोणाच्या नजरेसाठी घेतला, हे बाहेरून ठरवता येत नाही.