शब्दचर्चा: ‘रोजानं’, ‘उक्तं’ आणि ‘सवडीनं’ (बेळगाव भागातल्या वाचकांची पत्रं)

अनगोळहून:
मुलगी बेंगळुरूच्या एका कंपनीचं काम घरूनच करते. ‘फ्लेक्झिबल अवर्स’ आहेत म्हणते. भावाला पत्रात हे मराठीत कसं लिहू? ‘लवचीक तास’ कानाला बरं लागत नाही. आजी येळ्ळूरच्या शिवारात भाताच्या रोप लावणीला जायची. तिच्या तोंडी दोनच शब्द असायचे, रोजानं आणि उक्तं. मुलीचं काम ‘उक्तं’ म्हणता येईल का?

खानापूरहून:
ताई, आधी या दोन शब्दांची क्रियापदं बघा. माणूस रोजानं ‘जातो’, काम मात्र उक्तं ‘घेतो’. रोजानं गेलं की दिवस मालकाचा. दिवस कासराभर वर यायच्या आत बांधावर हजर, सुटका मावळतीला. हातातलं काम लवकर उरकलं तरी मालक दुसऱ्या वाफ्यात धाडणार. उक्तं घेतलं की एकरावर बोली. मग बायका पहाटेच चिखलात उतरतात आणि दुपारी घरी येऊन अंग टेकतात. “आमचं उक्तं हाय की ओ” म्हटलं की ‘किती वाजता आलात’ हे कोणी विचारत नाही. संस्कृत ‘उक्त’ म्हणजे बोललेलं. आधी बोलून ठरवलेलं ते उक्तं, अशी मी माझ्यापुरती जोड लावतो.

शहापूरहून:
उक्तं आणि गुत्ता यांत गल्लत नको. गुत्ता म्हणजे कन्नडातलं ‘गुत्तिगे’, कंत्राट. तिथं मालक आणि मजुराच्या मध्ये गुत्तेदार उभा असतो. ‘पाळी’ (शिफ्ट) मात्र दोन्ही भाषांत तीच, उद्यमबागेतल्या कारखान्यांतला मराठी कामगार आणि कानडी कामगार दोघंही पाळीलाच जातात. पाळीचे तास सहज मिळालेले नाहीत. दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास हा आंतरराष्ट्रीय करार १९१९चा. आपल्याकडं १९४८च्या फॅक्टरी कायद्यानं दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ ही मर्यादा घातली. २०२३ साली कर्नाटकानं दुरुस्ती करून दिवस १२ तासांपर्यंत ताणायला वाट दिली, आठवडा ४८चाच ठेवला. यालाही लवचीकपणाच म्हणतात. पण दिवस कुठं ताणायचा हे भट्टीपुढचा माणूस ठरवेल, असं मला दिसत नाही.

निपाणीहून:
‘उक्तं’ला इतकं डोक्यावर घेऊ नका. माझी आई घरी बिड्या वळायची, मजुरी हजार बिड्यांमागे. वेळेचं बंधन नाही, कुणी बघायला नाही. म्हणजे झालं काय, तर चूल, पाणी, आम्ही पोरं, सगळं आवरून रात्री सूप मांडीवर यायचं. पान भिजवणं, कापणं याचे पैसे वेगळे नव्हते. खराब म्हणून बाजूला काढलेल्या बिड्यांचेही नव्हते. घरी वळणाऱ्या बाईलाही कामगार धरणारा बिडी कामगारांचा कायदा १९६६ सालीच आला होता, तरी शेजारपाजार तिला ‘घरीच असते’ म्हणायचा. हे दोन शब्द मला अजून टोचतात.

म्हणून मी ‘सवड’ सुचवते. ‘लवचीक’ म्हटलं की कोण वाकवतो ते झाकून जातं. ‘सवड’ म्हटलं की लगेच प्रश्न येतो, कुणाची? माझ्या सवडीनं की साहेबांच्या?

खानापूरहून:
पटलं. ‘फुरसत’ इथं चालणार नाही, ती काम नसतानाची. सवड कामाच्या मधेही काढता येते.

अनगोळहून:
मुलीला विचारलं, सवड कुणाची? थोडा वेळ गप्प राहिली. दुपारी आईला दवाखान्यात नेता येतं, ती माझी सवड, म्हणाली. रात्री साडेनऊची मीटिंग मात्र अमेरिकेतल्या साहेबांच्या सवडीनं. पगार महिन्याचा, म्हणजे रोजाचाच भाऊ. काम नेमून दिलेलं, म्हणजे उक्त्यासारखं. भावाला लिहिलंय: “पोर घरूनच काम करते, दिवसा तिच्या सवडीनं, रात्री त्यांच्या.”