कुलपिते तीन, कुलमाता चार: प्रार्थनेत नावं कोणाची?

माणदेशी_लेक
ज्यू लोक अमिदा ही प्रार्थना रोज तीन वेळा उभं राहून म्हणतात. सुरुवातीलाच येतं, 'अब्राहामाचा देव, इसहाकाचा देव, याकोबाचा देव'. आजा, मुलगा आणि नातू, हे ज्यूंचे तीन कुलपिते. रिफॉर्म या सुधारणावादी पंथाच्या प्रार्थनापुस्तकांत आता त्यांच्या बायका सारा, रिबेका, राहेल आणि लेआही असतात. कॉन्झर्व्हेटिव्ह या मधल्या पंथाच्या पुस्तकांत दोन्ही पाठ छापतात, कर्मठ ऑर्थोडॉक्सांच्या सिनेगॉगमध्ये (प्रार्थनामंदिरात) मात्र तीनच नावं. माझ्या मते चारही मातांची नावं हवीतच.

रिबेकेचंच बघा. पोटात जुळी झगडू लागली तेव्हा ती स्वतः देवाला विचारायला गेली, आणि 'थोरला धाकट्याची सेवा करील' हे उत्तर तिला मिळालं. पुढे तिचा म्हातारा, आंधळा नवरा इसहाक थोरल्या एसावाला आशीर्वाद द्यायला निघाला. तेव्हा करडांची कातडी धाकट्या याकोबाच्या हातांना नि मानेला गुंडाळून तिनेच त्याला आत पाठवलं. पोरगा घाबरला तर म्हणाली, शाप लागलाच तर मला लागो. वारसा कुणाकडे जायचा ते तिने ठरवलं, जोखीमही तिनेच घेतली. मग नाव एकट्या नवऱ्याचं का?

तात्या_वाईकर
ताई, ही तीन नावं कुणी बायकांना वगळायचं म्हणून निवडलेली नाहीत. जळत्या झुडपातून देव मोशेला आपली ओळख याच शब्दांत सांगतो. प्रार्थनेने ते बायबलमधल्या निर्गम या ग्रंथातून जसंच्या तसं घेतलं. येमेनचा ज्यू असो की पोलंडचा, हे शब्द दोघांचे एकच. आपल्या पिढीला रुचेल तशी भर घालायची, तर पुढची पिढी काय ठेवील?

आणि इसहाकावर अन्याय नको. अब्राहामाने खणलेल्या विहिरी पलिष्ट्यांनी मातीने बुजवल्या होत्या. इसहाकाने त्या पुन्हा खणल्या आणि बापाने ठेवलेलीच नावं त्यांना दिली. यात पराक्रम दिसत नाही, पण मला तरी वारसा चालवणं याहून वेगळं वाटत नाही.

माणदेशी_लेक
विहिरींचं पटलं, सुंदर आहे ते. पण परंपरेला माता अनोळखी कुठे आहेत? शुक्रवारी संध्याकाळी मुलींच्या डोक्यावर हात ठेवून आईबाप म्हणतात, देव तुला सारा, रिबेका, राहेल, लेआ यांच्यासारखी करो. आणि देवाने वचन दिलेल्या देशात अब्राहामाने विकत घेतलेली पहिली जमीन कोणती? हेब्रोनची मकपेला गुहा, सारेला पुरण्यासाठी. एफ्रोन हित्ती फुकट देतो म्हणत होता. अब्राहामाने वेशीत सगळ्यांदेखत रुप्याचे 400 शेकेल तोलून दिले. बायकोचं स्थान त्याने चारचौघांत पक्कं केलं. आपणही चारचौघांत तिचं नाव घ्यावं.

कृष्णाकाठ
चारच का? याकोबाच्या मुलांपैकी दान आणि नफताली राहेलच्या दासी बिल्हेचे, गाद आणि आशेर लेआच्या दासी जिल्पेचे. इस्राएलच्या 12 वंशांपैकी 4 या दोघींच्या पोटचे. ताल्मुद हा ज्यू धर्मशास्त्राचा ग्रंथ म्हणतो, पिते तिघेच आणि माता चौघीच. दासी होत्या म्हणून या दोघी बाहेर राहिल्या. न्याय म्हणून यादी वाढवत असाल, तर त्यांच्यापाशी येऊन थांबता कशा? मला तरी हे अर्धवट वाटतं.

रेवदंडा_ते_लोद
मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंपैकी. आमचे पूर्वज कोकणात घाण्यावर तेल गाळत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून शनवार तेली म्हणवले गेले. कित्येक पिढ्या ना रब्बी (धर्मगुरू), ना ग्रंथ. उरलं होतं ते शेमा ही 'देव एकच' सांगणारी प्रार्थना, शब्बाथ म्हणजे शनिवारचा विसावा, सुंता आणि खाण्यापिण्याचे नियम. बिनखवल्यांचा मासा चुलीवर चढू न देणारी कोण? एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याच्या नावाने करतात त्या मलिद्याचं ताट, गूळ-खोबऱ्याचे पोहे, फळं, हे लावायला लेकीसुनांना शिकवणारी कोण?

आणि 1962 साली इस्राएलच्या मुख्य रब्बी मंडळाने विवाह नोंदवणाऱ्यांना फर्मान काढलं: बेने इस्राएल असतील तर आई, आईची आई, जमेल तितकं मागे जाऊन तपासा. आमच्या लोकांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं. 1964 साली संसद पाठीशी उभी राहिली, तेव्हा कुठे फर्मानातून आमचं नाव निघालं. चौकशीला आजीची आजी लागते आणि प्रार्थनेला एकही आई लागत नाही, हे मला पटूच शकत नाही.

तात्या_वाईकर
ते फर्मान अन्यायाचंच होतं, त्याची बाजू मी घेणार नाही. पण त्याचा दोष प्रार्थनेला कसा लावता? मूल ज्यू की नाही हे आईवरून ठरतं, हा नियम मिश्ना या प्राचीन धर्मशास्त्रग्रंथापासूनचा आहे. परंपरेने अख्खा वंशच आईच्या हाती दिला. प्रार्थनेतल्या एका नावापेक्षा हे मोठं आहे. पाठ आहे तसाच राहावा, यावर मी ठाम आहे.

रेवदंडा_ते_लोद
तात्या, वंश तिच्या हाती आहे ना? मग देवापुढे उभं राहून कुळाची ओळख सांगताना तिला गाळू नका. बिल्हा आणि जिल्पाही घ्या. कृष्णाकाठ यांचं म्हणणं मला मान्य आहे. आमच्यासारख्या, मूळ कुठलं म्हणून सतत तपासल्या गेलेल्यांना तर या दोघी जास्तच जवळच्या वाटतात.